पिंकीच्या नावावरचा लॅपटॉप

विरार पश्चिमेला ज्यांच्या घरी गेल्या दहा वर्षांत लग्न, बारसं किंवा भांडण झालं, त्यांना जयवंती परब हे नाव माहीत असणारच. लग्नपत्रिका तिच्या घरून टाइप होऊन जायच्या, बारशाची आमंत्रणंही, आणि सोसायटीत भांडण पेटलं की दोन्ही बाजूंची निवेदनंसुद्धा तीच टाइप करायची. एका बाजूचं सकाळी, दुसऱ्या बाजूचं संध्याकाळी, आणि ह्याचं त्याला कळू द्यायची नाही. पानाच्या तळाशी, मुंगी बसलीय की काय असं वाटावं इतक्या बारीक टाइपात, 'अक्षरजुळणी : सौ. जयवंती परब' असं घालायची. तेवढाच काय तो बाईंचा थाट.

माहेर देवगडकडचं. १९९१ साली प्रल्हाद परबशी लग्न होऊन विरारला आली. प्रल्हाद मुंबईला सरकारी ऑफिसात कारकून. मुलगी झाली, तिचं घरातलं नाव पिंकी. पिंकी शाळेत जायला लागल्यावर जयवंतीने डीटीपीचा क्लास केला, हॉलच्या कोपऱ्यात कॉम्प्युटर बसवला आणि बघता बघता कामात बुडून गेली. तिचा एक नियम होता. ऱ्हस्वदीर्घ ती न विचारता सुधारायची, पण मजकुराला हात लावायची नाही. नवरदेवाच्या नावापुढची पदवी खोटी आहे हे अख्ख्या आळीला ठाऊक असलं, तरी ती पदवी ठळक टाइपात घालून द्यायची. "लिहिणाऱ्याचं लिहिणाऱ्यापाशी," म्हणायची. "आपण बोटं चालवायची."

आता या कामसू बाईची एक गोष्ट कोणाला माहीत नव्हती. दुपारी दोन ते चार ती गाडी चालवायची.

खरी नव्हे हो. खरी गाडी राहू दे, तिला सायकलसुद्धा येत नव्हती. अल्पेश नावाच्या पोराने तिचा कॉम्प्युटर जोडून दिला होता, त्यात कोणाचा तरी गाड्यांच्या शर्यतीचा गेम राहून गेला होता. एका दुपारी पत्रिकेचं प्रूफ परत यायची वाट बघत असताना तिने तो उघडला. लाल गाडी, समुद्राकाठचा वळणावळणाचा रस्ता, बाणाचं बटण दाबलं की गाडी सुटली. पहिल्या दिवशी सतरा वेळा कठड्यावर आपटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली. तिथे कोणी तिला जेवायला काय केलंय विचारत नव्हतं, कोणाच्या काकाचं नाव पत्रिकेत राहिलंय म्हणून फोन येत नव्हता. वळण आलं की वळायचं आणि सुसाट जायचं, बस्स. जयवंतीला त्यात इतका आनंद व्हायचा की तिचा तिलाच संकोच वाटायचा. अडतिसाव्या वर्षी, एका मुलीच्या आईने, भरदुपारी दार लावून, आवाज बंद करून हे करायचं म्हणजे काय? पण करायची.

शेजारच्या सुहासिनीताई जिन्यात भेटल्या की म्हणायच्या, "धन्य आहे बाई तुझी. दुपारची पाठसुद्धा टेकत नाहीस. सारखी आपली टकटक चालू." जयवंती हसायची. "काम असतं ना," म्हणायची. एकदा म्हटलं, दोनदा म्हटलं, मग ते सगळ्या बिल्डिंगमध्ये पसरलं. प्रल्हाद तर ऑफिसातही सांगायचा, की आमची ही दुपारची झोप काय असते ते जाणत नाही. हे सगळं जयवंती ऐकून घ्यायची आणि मनातून कानकोंडी व्हायची.

पिंकीला मात्र कळलं होतं. शाळा लवकर सुटली, तिच्याकडची चावी लावून ती आत आली, तर आई खुर्चीत एका अंगावर वाकलेली, जणू खुर्चीच वळवते आहे. जयवंतीने घाईघाईने पडद्यावर लग्नपत्रिका आणली. पिंकीने दप्तर ठेवलं, पाणी प्यायली आणि म्हणाली, "आई, वळणाच्या आधी ब्रेक दाब. वळताना दाबलास तर आपटणारच." पुन्हा तो विषय तिने काढला नाही. तिला स्वतःला त्यातलं काही नको असायचं. ती शाळेच्या खो-खोच्या संघात होती. संध्याकाळी गुडघे सोलून घरी यायची आणि जेवताना खांबावर कशी फिरले ते हाताने ताटाभोवती दाखवायची. दहावीत डिसेंबरला जिल्ह्याची स्पर्धा होती, आणि त्या स्पर्धेपुढे तिला आयुष्यात दुसरं काही दिसत नव्हतं.

लॅपटॉपची गोष्ट निघाली ती पापडी गावच्या बॅप्टिस्ट सरांमुळे. निवृत्त मास्तर. आपल्या ओळखीच्या काही कुटुंबांसाठी ते एक मासिक पत्रक काढायचे, आणि ते जयवंतीकडे टाइप व्हायचं. अडचण अशी, की तिने पेनड्राइव्हवर पानं नेली की सरांच्या कॉम्प्युटरवर मराठीच्या जागी नुसती चिन्हं उमटायची, कारण तिचे फॉन्ट त्यांच्याकडे नव्हते. मग छापील कागद न्यायचे, सरांनी लाल पेनाने खुणा करायच्या, पुन्हा घरी, पुन्हा पापडी. एका अंकाला चार खेपा. शेवटी सर म्हणाले, "बाई, तुमचं यंत्रच इकडे आणता आलं तर दोन तासांत अंक उरकेल." आगाशीच्या शाळेचे पेपर ती टाइप करायची, तिथल्या हेडमास्तरीणबाईही तेच म्हणाल्या. आणि जयवंतीचा उजवा खांदा टाइप करून करून धरलेला. डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही असं बजावलेलं. तेव्हा ठरलं, लॅपटॉप घ्यायचा आणि हलका घ्यायचा.

२००८ सालच्या जूनमधला रविवार. प्रल्हाद, जयवंती आणि पिंकी असे तिघं अल्पेशच्या दुकानात गेले. अल्पेश नायगावकडच्या खाडीकाठचा. घरी भातशेती, आणि याने विरारला कॉम्प्युटरचं दुकान टाकलेलं. माणूस सरळ. कोणाला नको ते गळ्यात मारायचा नाही.

"वहिनी, हा बघा," त्याने एक डबी उघडावी तसा लॅपटॉप उघडला. "एकदम हलका. पावनेदोन किलो. टायपिंग, पानं लावनं, इंटरनेट, सगलं चालंल. आणि हा दुसरा. मोठा स्क्रीन, ग्राफिक्सचं कार्ड वेगलं. पन उचलून बघा पहिला."

जयवंतीने आपली खांद्याची पिशवी आणली होती. तिने पहिला लॅपटॉप पिशवीत घातला, दुकानात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. मग दुसरा घालून चालली. मग थांबून विचारलं, "आणि चार्जर?"

"चार्जर काय वहिनी, असतोच."

"असतोच, पण तो उचलायचा कोणी?"

अल्पेश हसला. चार्जर काढले. दुसऱ्याचा चार्जर म्हणजे वीट होती. जयवंतीने अंदाजावर सोडलं नाही. सगळं घेऊन ती शेजारच्या वाण्याच्या दुकानात गेली आणि त्याच्या काट्यावर लॅपटॉप ठेवायला लावला. काट्याच्या ताटलीत तूरडाळीचे दाणे होते, ते वाण्याने पंचाने पुसले. प्रल्हाद दुकानाच्या पायरीवर उभा राहून कपाळाला हात लावत होता. "अगो, ते कांदे-बटाटे आहेत काय?" पिंकी पोट धरून हसत होती. पहिला चार्जरसकट सव्वादोन किलो भरला, दुसरा साडेतीनच्या वर.

"झालं तर," प्रल्हाद म्हणाला. "पहिला घेऊ. हलका आहे, कामापुरता आहे."

इथे जयवंतीने गप्प बसायला हवं होतं. कामाला पहिला पुरेसा होता, खांद्याला पुरेसा होता. पण तिच्या मनात लाल गाडी उभी होती. घरातला जुना कॉम्प्युटर आता दर आठवड्याला बंद पडत होता आणि अल्पेशनेच सांगितलं होतं की त्याचे दिवस भरले. तो गेला की दुपार गेली. ती अल्पेशकडे वळली आणि जणू दुसऱ्याच कोणाचा प्रश्न विचारतेय अशा आवाजात म्हणाली, "ह्याच्यात गेम चालेल का रे?"

"पत्त्यांचा चालंल."

"पत्त्यांचा नाही. गाड्यांचा."

अल्पेशने मान हलवली. "ह्याच्यात अडकत चालंल, नायतर चालनारच नाय. त्याला दुसरा लागंल. नायतर मग..." त्याने वरच्या फळीवरून एक खोका काढला. "तिसरा. हलका पन हाय आणि कार्ड पन वेगलं हाय. काम पन करा, गेम पन खेला. फक्त किंमत दीडपट."

तिसऱ्याला वाण्याकडे न्यायची गरजच पडली नाही. पिशवीत घातला आणि खांद्याला कळलं. चार्जरही मुठीत मावेल एवढा. जयवंतीला तो ठेववेना.

"पण गेम कोणाला खेळायचाय?" प्रल्हादने विचारलं. साधा प्रश्न. रागही नव्हता त्यात.

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. अल्पेश होता. बाहेर वाणी अजून या तोलूनमापून घेणाऱ्या बाईकडे बघत होता. 'मला', एवढंच म्हणायचं होतं. जयवंतीच्या डोळ्यांपुढे सुहासिनीताई आल्या, प्रल्हादच्या ऑफिसातली माणसं आली, आणि तिचे कान गरम झाले.

"पिंकीला," ती म्हणाली. "खेळते ती कधीमधी."

पिंकी एका कीबोर्डची बटणं उगाच दाबून बघत होती. तिचं बोट थांबलं. तिने आईकडे बघितलं, पुरतं बघितलं, आणि मग बाबांकडे.

"तू गेम खेळतेस? मला कधी बोलली नाहीस ती?"

"खेळते... थोडा," पिंकी म्हणाली.

प्रल्हादने हनुवटी खाजवली. त्याचा जीव होता मुलीवर, आणि ती काही मागत नाही याचं त्याला नेहमी वाईट वाटायचं. "दहावी आहे हां यंदा. पंच्याऐंशीच्या खाली आलीस तर बघ," असं दरडावून त्याने तिसरा लॅपटॉप बांधायला सांगितला, आणि मग हळूच बायकोला म्हणाला, "गावच्या घराची कौलं पुढच्या वर्षी बघू. पोरीने पहिल्यांदाच काही मागितलंय."

वाटेत पिशवी पिंकीने धरली होती. घराशी आल्यावर जयवंती कुजबुजली, "पिंकी, मी आपलं तेव्हा..." पिंकी म्हणाली, "राहू दे गं. हलका आहे पण खरंच." आणि जिना चढून गेली. जयवंतीला वाटलं, मिटलं. अशा गोष्टी मिटल्या असं जिला सोयीचं असतं तिलाच वाटतं.

लॅपटॉप सोन्यासारखा निघाला. पापडीला एका खेपेत अंक व्हायला लागला. आंब्या-चिकूच्या वाडीतल्या आपल्या घरात बॅप्टिस्ट सर तिच्याशेजारी खुर्ची घेऊन बसायचे आणि बोटाने दाखवतील ती चूक ती तिथल्या तिथे दुरुस्त करायची. एकदा तिने पान मिटलं तर मागे पडद्यावर लाल गाडीचं चित्र.

"हे काय?" सरांनी चष्मा वर केला.

"माझ्या मुलीचं," जयवंती म्हणाली. पहिल्यांदा जीभ अडखळली होती, या वेळी नाही. एवढंच नव्हे, वर म्हणाली, "काय सांगू सर, दहावीला आहे पण ऐकत नाही. मी कामात, नि ही यात." हे वरचं कोणी विचारलं होतं? कोणीही नाही. खोट्याला टेकू लावायची गरज नसतानाही तिने तो लावला. सर "हं" म्हणाले आणि त्यांनी मान हलवली.

दिवाळीनंतर एका शनिवारी सहामाहीचे पेपर मिळाले. पिंकीला बीजगणितात कमी मार्क पडले होते. फार नाही, पण पंच्याऐंशीच्या हिशेबाला खोट येईल इतके. नेमका त्याच शनिवारी प्रल्हाद लॅपटॉप घेऊन अल्पेशकडे गेला होता, त्यात व्हायरस शिरल्यासारखं वाटत होतं म्हणून. अल्पेशने सगळं साफ करून दिलं आणि भोळेपणाने कौतुक केलं, "दादा, पोरगी लय भारी हाय तुमची. सगल्या रेसा मारल्यात तिने. दोनशे तास खेललेत, इथे लिवलंय बघा."

प्रल्हाद घरी आला तेव्हा जयवंती ओट्यापाशी होती आणि पिंकी खो-खोचे बूट पुसत बसली होती.

"दोनशे तास," प्रल्हाद म्हणाला. "पिंकी, दोनशे तास. बीजगणिताला किती तास दिलेस?"

पिंकीने आईकडे बघितलं. जयवंतीने गॅस बारीक केला. भाजीला काही होत नव्हतं, तरी तिने तो बारीक केला आणि झाकणावर पाणी ठेवलं. तिची पाठ त्या दोघांकडे होती. आता बोल, आता बोल, असं तिचं तिलाच ऐकू येत होतं.

"मीच खेळले, बाबा," पिंकी म्हणाली. "चुकलं."

"मग आता सगळेच खेळ बंद. ते बूट ठेव वर. खो-खो नाही, स्पर्धा नाही, काही नाही. सोमवारी शाळेत चिठ्ठी देतो."

"बाबा, स्पर्धा पंधरा दिवसांवर..."

"पंधरा दिवसांत बीजगणित होईल."

पिंकी रडली नाही. बूट पिशवीत घातले, स्टुलावर चढून माळ्यावर ठेवले आणि पुस्तक घेऊन बसली. जयवंतीने त्या दिवशी तिच्या ताटात दोन वेळा भाजी वाढली. तिसऱ्यांदा वाढायला गेली तेव्हा पिंकीने हात आडवा धरला.

आता तुम्हाला वाटेल, त्यानंतर तरी बाईने तो गेम उघडला नसेल. दोन दिवस नाही उघडला. तिसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता दार लावलं. मनात म्हणाली, पाचच मिनिटं. आणि जिंकली. जिंकल्यावर तोच आनंद झाला, अगदी तेवढाच, आणि त्या आनंदाची तिला इतकी किळस आली की ती उठून मोरीत जाऊन तोंड धुऊन आली. आपण कसल्या आई आहोत, असं ती आरशाला म्हणाली.

पुढच्या शुक्रवारी बॅप्टिस्ट सरांच्या नव्या अंकाचा मजकूर आला. नेहमीसारखा, रेघांच्या कागदावर, मोत्यासारख्या अक्षरात. चौथ्या पानाचा लेख सरांनी स्वतः लिहिला होता, मुलांच्या संगणकाच्या नादावर. जयवंती टाइप करत गेली. तिसऱ्या परिच्छेदाला आली.

'आमच्या परिचयातील एका अत्यंत कष्टाळू मातेचे उदाहरण बोलके आहे. ही बिचारी माता दिवसभर मान मोडून काम करते, आणि तिची दहावीतील कन्या त्याच यंत्रावर मोटारींच्या खेळात काळाचा अपव्यय करते.'

'कष्टाळू' तिने टाइप केलं. 'बिचारी' टाइप केलं. 'कन्या'पाशी बोटं थांबली. आयुष्यात तिने दुसऱ्यांची किती खोटी वाक्यं बिनदिक्कत टाइप केली होती. हे वाक्य तिचं होतं. सरांनी फक्त लिहून काढलं होतं. ते दीडशे घरांत जाणार होतं आणि पानाच्या तळाशी तिचं नाव असणार होतं. जयवंतीने कीबोर्डवरून हात काढून घेतले. त्या दिवशी सुहासिनीताईंना टकटक ऐकू आली नसेल.

शनिवारी सकाळी ती लॅपटॉप घेऊन पापडीला गेली.

"सर, चौथ्या पानात चूक आहे."

"शुद्धलेखनाची?"

"मजकुराची."

सर चकित झाले. "तुम्ही तर मजकुरात पडत नाही बाई."

"कन्या नाही ती," जयवंती म्हणाली आणि लॅपटॉपकडे बघत राहिली, कारण सरांकडे बघवत नव्हतं. "मी आहे. तो खेळ मी खेळते. तुम्हाला खोटं सांगितलं. तिथे कन्या काढून माता घाला."

आतून सरांच्या बायकोने, कार्मिनबाईंनी, चहा आणि बिस्किटं आणून ठेवली आणि दोघांची तोंडं बघून त्या आल्या पावली परत गेल्या. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तसं नाही घालता येणार," ते शेवटी म्हणाले. "मुलीचं लिहिलं तर लोक बोध घेतील. तुमच्या वयाच्या बाईचं लिहिलं तर हसतील. मी परिच्छेदच काढतो. पण मला एक सांगा, त्या मुलीच्या बापाला हे ठाऊक आहे का?"

जयवंतीने मान हलवली. नाही.

"मग माझ्याकडे कशाला आलात?" सर रागावले नव्हते. वर्गात चुकीच्या बाकावर बसलेल्या पोराला सांगावं तसं म्हणाले, "तुम्ही घरी जा बाई. अंक होईल मग."

रविवारी दुपारी तिघं जेवायला बसले. जयवंतीने सगळं वाढून घेतलं, स्वतःला वाढलं नाही. "मला काही सांगायचंय," म्हणाली आणि सांगितलं. दुकानातलं सांगितलं, पापडीचं सांगितलं, दोनशे तासांचं सांगितलं. चिठ्ठी दिल्यानंतरही आपण बसलो होतो, तेही सांगितलं. ते लपवता आलं असतं, पण आता लपवायचाच कंटाळा आला होता.

प्रल्हाद आधी हसला. त्याला खरंच वाटेना. "तू? मोटारी चालवतंस? तू?" मग त्याचा घास हातात राहिला. त्याला माळ्यावरचे बूट आठवले असणार. चिडला की किंवा गलबलला की तो गावच्या बोलीत जायचा. पिंकीकडे वळून त्याने विचारलं, "मगे तू माका सांगलंस कित्याक नाय?"

पिंकी आमटीत भात कालवत होती. "मला काय बाबा, तुम्ही ओरडणार आणि विसरणार. आईचं कोणी विसरलं नसतं. सुहासिनीकाकूंनी तर सगळ्या बिल्डिंगला सांगितलं असतं." घास उचलता उचलता ती म्हणाली, "आणि मग आईने परत कधीच गाडी चालवली नसती."

जयवंतीला वाटलं होतं, मुलगी घाबरून गप्प बसली, किंवा रागाने. ती आईचा विरंगुळा सांभाळत होती हे जयवंतीच्या स्वप्नातही आलं नव्हतं. पदर तोंडाला लावून ती उठली, पण स्वयंपाकघर एवढंसं, जाणार कुठे? ओट्यापाशी पाठ करून उभी राहिली, आणि मग स्वतःची ती पाठ तिला आठवली आणि ती वळली. "मला माफ कर गं," ती म्हणाली. पिंकी म्हणाली, "बस आधी. जेव."

सोमवारी प्रल्हाद अर्ध्या दिवसाची रजा टाकून शाळेत गेला. खेळाच्या मॅडमनी ऐकून घेतलं आणि हात जोडले. संघाची यादी चार दिवसांपूर्वीच वर गेली होती. पिंकीच्या जागी आर्या नावाची मुलगी होती. आता कोणाचंही नाव काढता येत नव्हतं, घालता येत नव्हतं.

स्पर्धा गुरुवारी पालघरला होती. पिंकी म्हणाली, मी बघायला तर जाणार. जयवंतीने आलेलं सगळं काम बाजूला सारलं आणि तिच्याबरोबर गेली. मैदानाच्या कडेला सतरंजी अंथरली होती, तिच्यावर मुलींच्या आया बसल्या होत्या. पिंकी सतरंजीवर बसली नाही. संघाच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत रेषेपाशी उकिडवी बसली आणि सामना सुरू झाल्यापासून आर्याच्या नावाने घसा फाडत होती. "खांब धर! खांब धर, आर्या! आता फिर!" आर्या फिरली, पण अर्धा पाऊल उशिरा, आणि बाद झाली. पिंकीने दोन्ही हात डोक्यावर मारून घेतले. मग लगेच बाटली उघडून तिच्याकडे धावली. जयवंतीला मैदानाकडे बघवेना.

शेजारी आर्याची आई बसली होती. दोघींची ओळख नव्हती, पण सतरंजीवर ओळख व्हायला कितीसा वेळ लागतो.

"ती पिंकी तुमची ना?" बाई म्हणाल्या. "फार गुणी आहे हो. आमच्या आर्याला चार दिवस तिनेच शिकवलं. खरं तर ही जागा तिचीच. काय झालं तिला? पायाला लागलं का?"

हो, लागलं, एवढं म्हटलं की झालं असतं. बाईंनी उत्तर हातात आणून दिलं होतं. मान हलवायचीसुद्धा गरज नव्हती, नुसता सुस्कारा पुरला असता.

"नाही," जयवंती म्हणाली. "माझ्यामुळे बसली बाहेर. मी कॉम्प्युटरवर गाड्यांचा गेम खेळते. घरी सांगायची लाज वाटली म्हणून तिचं नाव सांगितलं. शिक्षा तिला झाली."

आर्याची आई हसायला लागली. पलीकडच्या दोघी-तिघींनीही माना वळवल्या आणि त्याही हसल्या. "काय तरीच तुमचं! अहो, तुम्ही आणि गेम?"

जयवंतीचा चेहरा तापला. हसण्यात मिसळून हसली असती तर सगळं पुन्हा झाकलं गेलं असतं. तिने हात मांडीवर घट्ट धरले आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, अल्पेशच्या दुकानापासून, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, आणि त्या हसायच्या थांबेपर्यंत ती सांगत राहिली.